ऊसतोडीवरून परतलेल्या लेकरांचं गणित: एआयची मदत कशी घ्यावी?

गणित_पाचवी (बीड)
दिवाळीच्या सुमारास तोडीला गेलेली लेकरं मार्च-एप्रिलमध्ये परततात. वर्ग तोवर अपूर्णांकावर आलेला असतो आणि यांची हातच्याची वजाबाकीच डळमळीत असते. चौथी-पाचवी एकत्र, शिक्षक एक, सुट्टी लागेपर्यंत चार-पाच आठवडे. एआयला ‘पाचवीचा सराव दे’ म्हटलं की सगळ्यांना एकच कागद मिळतो. कोणाचं कुठं अडलंय हे धरून सराव काढता येईल का? लेकरांजवळ मोबाईल नाहीत. शाळेत एक फोन, एक प्रिंटर आहे.

फळा_खडू (परभणी)
येईल. पण त्याला धडा मागू नका, लेकरांच्या चुका द्या.

दहा वजाबाक्या सोडवून घ्या: दोन बिनहातच्याच्या, पाच हातच्याच्या, तीन मधे शून्य असलेल्या. मग लेकरानं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं टाईप करा. ४०३ − १५८ घ्या, खरं उत्तर २४५. कुणी ३५५ लिहिलं तर त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. कुणी ३४५ लिहिलं तर त्यानं शून्याच्या जागी नऊ धरले, पण शतकातला एक कमी करायचा राहिला. वहीत दोघांच्याही उत्तरावर सारखीच फुली पडते. पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल. दुसऱ्याला उसना घेतला की लगेच ४ खोडून ३ लिहायची सवय लावली की पुरतं.

एआयला एवढंच सांगा: ‘हे प्रश्न, ही उत्तरं. कोणती पायरी चुकतेय ते सांग आणि तीच पायरी लागेल अशी सहा उदाहरणं दे.’ तीच चूक तीन ठिकाणी दिसली तरच खरी माना.

नांदेडकर_प्रिंट
वरच्या पद्धतीत चार ठिकाणी गाडी अडते.

वहीचा फोटो टाकू नका. लेकरांच्या अक्षरातले १ आणि ९, ५ आणि ६ यंत्र उलटसुलट वाचतं आणि बरोबर उत्तरालाही चूक शोधून देतं. वीस लेकरांचे दोनशे आकडे हातानं टाईप करणं परवडतं.

उत्तरसूची कॅल्क्युलेटरवर तपासल्याशिवाय छापू नका. मराठीही तपासा: ‘वजाबाकी’च्या जागी ‘घटाव’, ‘बेरजे’च्या जागी ‘जोड’ घुसतं. अक्षरी संख्यांत एकोणसत्तर (६९) आणि एकोणऐंशी (७९) यांची अदलाबदल होते. शाब्दिक उदाहरणात हे झालं तर लेकरू बरोबर करूनही चुकतं.

थेट पीडीएफ मागितली की काना-मात्रा आणि जोडाक्षरं फुटतात. मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवून तिथूनच पीडीएफ काढा.

आणि नावं अजिबात टाकू नका, हजेरी क्रमांक पुरेसा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी असं म्हटलंय. पालक फडात असताना ती कुठून आणणार?

गणित_पाचवी (बीड)
आणि वाचनाचं? पुढं वाचन तपासायचं काम यंत्रच ऐकून करेल म्हणतात.

फळा_खडू (परभणी)
करेल, पण आपली बोली ऐकून शिकलं तर. लेकरू ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, तो त्याच्या घरचा उच्चार आहे. यंत्र त्याला वाचनदोष ठरवणार असेल तर ते लेकरू पुन्हा तोंड उघडणार नाही. तोवर वाचन शिक्षकानंच ऐकावं, असं माझं ठाम मत आहे.

एआयचा सगळ्यात मोठा उपयोग मला परतीच्या वेळी नाही, जायच्या वेळी दिसतो. हंगामी वसतिगृहात न राहता आईबापासोबत जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हाती अर्धं पान द्या: कुठपर्यंत आलंय, कोणती पायरी चुकतेय, पुढची सहा उदाहरणं. सांगली-कोल्हापूरकडच्या शाळेला ते तसंच चालेल. कुटुंब बेळगावकडे जाणार असेल तर एआयकडून कानडीत करून घ्या, मग तेच कानडी एआयच्या नव्या खिडकीत (नवं संभाषण उघडून) टाकून पुन्हा मराठीत आणा आणि ताडून पाहा. पान पाठवताना मूळ मराठी मजकूर खाली ठेवा, आकडे दोन्हीकडे इंग्रजी अंकांत लिहा.