उत्तर: फोक्सवॅगन बीटल गाडीचे ब्रेक लाईट कधी लागतात, कधी नाही

पेडल जोरात दाबलं तरच लाईट लागतो म्हणताय, म्हणजे बल्ब आणि वायरिंग बहुधा ठीक आहे. वरच्या उत्तरांत सगळे जण बल्ब बदलायला सांगतायत, पण माझा संशय ब्रेक लाईटच्या स्विचवर. जुन्या बीटलमध्ये हा स्विच पेडलपाशी नसतो, मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) असतो आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने चालतो. म्हातारा झाला की जास्त दाब मागतो.

खात्री करायची तर इग्निशन ऑन करा (त्याशिवाय लाईट लागणारच नाही, यात बरेच जण फसतात) आणि दोन पिनांच्या स्विचच्या वायरी काढून एकमेकींना जोडा. लाईट लख्ख लागला तर स्विच गेला. नाही लागला तर आधी फ्यूज फिरवून बघा, त्यांची टोकं गंजतात.

स्विच बदलताना नवा हातात तयार ठेवा, जुना काढताच ऑइल गळू लागतं. रंगावर सांडलं तर रंग उखडतो. नंतर पेडल स्पंजी (मऊ) लागलं तर ब्लीडिंग करूनच, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढूनच, गाडी बाहेर काढा.

आणि ब्रेक दाबल्यावर टेललाईट मंद होत असेल, तर ती वेगळी भानगड: खराब अर्थिंग, म्हणजे बल्बचा गाडीच्या बॉडीशी असलेला जोड. बल्बचा होल्डर घासून घ्या.