हॉलीची खरी ताकद मेयरपदात
जॉन हॉली हा चौदाव्या शतकातला इंग्लंडमधल्या डार्टमथ बंदराचा व्यापारी आणि जहाजमालक. ‘चाचेगिरी झाकायलाच तो संसदेत गेला’ असं काहीजण म्हणतात, ते मत पटत नाही. गडी डार्टमथचा १४ वेळा मेयर झाला, संसदेत मात्र ४ वेळाच गेला. सत्ता कुठे होती ते यातच आलं. त्या काळी शहराच्या प्रतिनिधीला दिवसाला २ शिलिंग भत्ता असे आणि तो शहरानेच भरायचा. त्यामुळे खासदारकी अनेक गावांना लोढणंच वाटे.

शिवाय शत्रूची जहाजं लुटायला राजाचा परवाना होताच की! भानगड व्हायची ती मित्रदेशांच्या मालावरही हात मारल्यामुळे. १४०६ मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं, तेव्हा जुनी खासदारकी काही आडवी आली नाही. गावात मात्र मान शाबूत: १४०८ मध्ये वारल्यावर सेंट सेव्हियर्स चर्चमध्ये पुरलं, वर दोन्ही बायकांसह त्याची चिलखतातली पितळी प्रतिमा.