शब्दचर्चा : ‘फ्लेवोनॉइड’ला ‘पीतद्रव्य’ म्हणावं का?

प्रश्न : कोथरूडमधल्या कर्करुग्णांच्या एका गटासाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘फ्लेवोनॉइड’ला (वनस्पतींत सापडणाऱ्या रसायनांचा एक गट) ‘पीतद्रव्य’ आणि ‘नॅनोकॅरिअर’ला (औषध शरीरात वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण) ‘अब्जांश वाहक’ असं लिहिलंय. वाचणारे बहुतेक साठीच्या घरातले, नुकतंच निदान झालेले. चालेल?

उत्तर : ताई, ‘पीतद्रव्य’ मुळाला धरून आहे. लॅटिन ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. पण हा शब्द वाचला की आपल्याकडे पहिली आठवते हळद, आणि हळदीतलं कुर्क्युमिन फ्लेवोनॉइड नव्हेच! तेही पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पती-रसायनांच्या त्याच मोठ्या गटातलं, पण वेगळ्या कुळातलं. उलट जांभळाला आणि कोकमाला रंग देणारी अँथोसायनिनं फ्लेवोनॉइडांतलीच. म्हणून ‘फ्लेवोनॉइड’च ठेवा आणि शेजारी कांदा लिहा. कांद्याची वाळकी सालं उकळली की पाणी पिवळट-तांबूस होतं ना, त्या रंगात क्वेर्सेटिन या फ्लेवोनॉइडाचा मोठा वाटा असतो.

‘वाहक’ मात्र कृपा करून काढा. एसटीत तो तिकीट देतो, विजेच्या धड्यात तांब्याची तार असतो, हे सगळं ठीक. पण आजाराच्या पत्रकात ‘वाहक’ म्हणजे रोग पसरवणारा, असंच वाचलं जातं. कर्करोग स्पर्शाने होत नाही हे घरच्यांना अजून समजावावं लागतं, तिथे हा शब्द नको. ‘रक्तवाहिनी’च्या चालीवर ‘औषधवाही नॅनोकण’ करा. ‘अब्जांश’ अचूक आहे, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पण ‘नॅनो’ आता सगळ्यांच्या कानावरून गेलाय.

दुसरं उत्तर : ‘योगवाही’ का नको? आयुर्वेदात मध योगवाही, ज्यात मिसळावा त्याचे गुण पुढे नेणारा.

उत्तर : शब्द फार सुंदर आहे, मलाही मोह झाला. पण रुग्ण त्यातून ‘औषध मधातून घ्या’ एवढंच उचलेल. इथे बोलणं चाललंय साधारण शंभर नॅनोमीटरच्या, मेदाच्या पोकळ पिशव्यांबद्दल, म्हणजे लायपोसोमबद्दल. त्यांची गरज का, ते फोडणीवरून सांगता येईल. हळद नुसत्या पाण्यात टाकली तर तळाशी बसते, तेलात पडली की रंग धरते. क्वेर्सेटिनचंही पाण्याशी असंच वाकडं, म्हणून तोंडाने घेतलेलं रक्तात फार थोडं पोचतं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध लायपोसोममध्ये भरून देण्याला अमेरिकेत 1995मध्येच मान्यता मिळाली, पण ते मातीतल्या जीवाणूंपासून मिळालेलं, वनस्पतीचं नव्हे. फ्लेवोनॉइडांचं काम अजून मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे.

म्हणून क्रियापद जपा : ‘बरं करतं’ नव्हे, ‘तपासलं जात आहे’. ‘कर्करोगनाशक’ हा शब्द तर छापूच नका; तो वाचून कुणी केमोची तारीख चुकवली तर?

प्रश्नकर्ती : पटलं. आता वाक्य असं केलंय : ‘कांद्यासारख्या वनस्पतींतली फ्लेवोनॉइडं औषधवाही नॅनोकणांत भरून दिली, तर प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींची वाढ मंदावते का, हे तपासलं जात आहे. हा उपचार अजून रुग्णांसाठी उपलब्ध नाही.’ दुसरं वाक्य ठळक छापते.