ओटावी रेल्वे: रुळांचं कौतुक करताना मजूर कुठे ठेवायचे?

रूळवेडा:
ओटावी रेल्वेवर लेख लिहितोय, सोबत माहितीचा तक्ताही. स्वाकोपमुंड बंदर ते त्सुमेबची तांब्याची खाण, ५६७ किलोमीटर. देश आजचा नामिबिया, तेव्हाचा जर्मन नैऋत्य आफ्रिका. आधी नामिबचं कोरडं वाळवंट, मग चढ. त्सुमेब सुमारे १३०० मीटर उंचीवर. दोन रुळांमधली रुंदी फक्त ६०० मिलिमीटर, जवळपास आपल्या नेरळ-माथेरानइतकीच! १९०३ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ मध्ये गाडी खाणीपर्यंत पोचलीसुद्धा. बांधणारी कंपनी आर्थर कॉपेलची. माथेरानची पहिली इंजिनंही ऑरेन्स्टाइन अँड कॉपेलचीच, म्हणजे नातं जवळचं. माझं मत असं की, नॅरोगेजच्या इतिहासात ही लाइन दार्जिलिंगच्या पंक्तीला बसायला हवी. तिचं नाव फक्त युद्धाच्या संदर्भात निघतं, हे मला पटत नाही.

खडीवाला:
तुम्ही १९०३ आणि १९०६ लिहिलंत, मधलं १९०४ गाळलंत. जानेवारीत तिथल्या हेरेरो लोकांचा जर्मनांविरुद्ध उठाव झाला, लाइनचं काम थांबलं. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर त्यांना ओमाहेकेच्या निर्जल माळावर हाकललं. २ ऑक्टोबरला जर्मन सेनापती जनरल फॉन ट्रोथाचा हुकूम निघाला: हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. जे वाचले ते छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतलेच कैदी, बायका-मुलांसकट, या रुळांवर राबवले. वेगाचं कौतुक करायचं तर तो वेग कुणाच्या अंगावरून गेला, तेही त्याच परिच्छेदात यायला हवं.

रूळवेडा:
हुकूम लष्कराचा होता, इंजिनिअरांचा नाही. शिवाय २०१४ कैद्यांपैकी १३५९ मेले, हा आकडा लोक सर्रास या लाइनच्या नावावर टाकतात. तो दक्षिणेकडच्या ल्युडेरित्झ-कीटमान्सहूप लाइनचा आहे. इतकं गंभीर बोलायचं तर लाइन तरी बरोबर हवी. ओटावीवर इटलीहून आणलेले मजूरही होते.

माळरान:
आकड्याबद्दल रूळवेडा यांचं बरोबर आहे. पण कंपनी नुसती बघ्याच्या भूमिकेत नव्हती. खाण आणि लाइन जिच्या मालकीची, त्या ओटावी कंपनीनं रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन मागितली, वर पाण्याचे हक्कही. हेरेरो गुरं पाळणारे लोक. कोरड्या मुलखात पाणवठा गेला की कळप गेला, कळप गेला की माणूस कंगाल. उठाव पेटायला जी कारणं झाली त्यांत ही मागणीही आहे. मग रेल्वे एकीकडे आणि युद्ध दुसरीकडे, अशी वाटणी कशी करणार? आणि तांबं तरी जर्मनांनी कुठे शोधलं? तिथले मूळ रहिवासी सान लोक ते आधीपासून काढत होते, उत्तरेकडच्या ओंडोंगा लोकांना विकत होते.

रूळवेडा:
जमिनीचा मुद्दा वजनदार आहे, तो लेखात घालतो. तरीही घाट कसा काढला, पाणी कसं पुरवलं, याचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हावा, यावर मी ठाम आहे. १९६० मध्ये लाइन १०६७ मिलिमीटरची झाली, खाण १९९६ मध्ये बंद पडली. जुन्या लाइनचं तंत्र आता नोंदवलं नाही तर उरणार नाही.

खडीवाला:
जरूर नोंदवा. जर्मनीनं हा वंशसंहार होता हे मे २०२१ मध्ये नामिबिया सरकारशी ठरवलेल्या करारात मान्य केलं, आणि वाटाघाटींत आपल्याला स्थान नव्हतं म्हणून हेरेरो आणि नामा (तिथलाच दुसरा समाज) वंशजांपैकी अनेकांनी तो करार नाकारला. तुमच्या तक्त्यात इंजिन, रुळांची रुंदी, चढ असे रकाने असतीलच. त्यांच्याच शेजारी मजुरांचा रकाना काढा: युद्धाआधी पगारी ओव्हाम्बो (उत्तरेकडचे लोक) आणि हेरेरो, मग इटालियन, मग कैदी.