घरातला एक जण कोन?

ग्रुप: वाड्यावरची मंडळी 🌾

शोभा काकू (सकाळी 9.12)
पवन, ओटीपी आला का? नाना बाजीवर बसून हायेत, दोनदा विचारलं.

शोभा काकू (9.19)
पवन??

पवन, पुणे (9.41)
काकू, मीटिंगमंधी होतो. आला होता, पन आता चालत नाई थो. पुन्हा पाठवा.

शोभा काकू
पुन्हा म्हंजे पह्यलेपासून भरा लागते. थांब आता, चुलीवर भाजी हाये.

मंदा आत्या
कायचा ओटीपी शोभा?

वैष्णवी, अमरावती
कापसाची नोंदणी आत्या. औंदा सीसीआयले (सरकारचं कापूस महामंडळ) हमीभावानं कापूस द्याचा असन तं 'कपास किसान' अ‍ॅपवर आंधी नाव टाका लागते. आधार नानाचं अन् आधारले नंबर पवनदादाचा. नानाच्या बटनाच्या फोनवर काहीच येत नाई.

मंदा आत्या
मंग खेडावाल्या व्यापाऱ्याले देऊन टाका ना. दारातून मोजून नेते, चुकारा बी रोख.

पवन, पुणे
आत्या, खेडावाला 6800 म्हनून रायला. 2025-26 च्या हंगामाले लांब धाग्याचा हमीभाव 8110 हाये. 20 क्विंटल जरी धरला तरी 26,200 चा फरक.

मंदा आत्या
बाप्पा! शोभा, भाजी ठेव खाली.

बंडू काका
ह्याच्यावरून आठवलं. 2012 च्या सप्टेंबरात केंद्रानं राष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान धोरण मंजूर केलं होतं. त्यात लिहून हाये का हरेक घरात निदान एक जण ई-साक्षर कराचा. मंग सांगा, आपल्या वाड्यातला थो एक जण कोन?

वैष्णवी, अमरावती
पवनदादा 😄

मंदा आत्या
पवनच. दुसरं कोन हाये?

पवन, पुणे
काका, त्याच धोरणात दुसरी गोष्टबी हाये. आयटीचा धंदा 100 अब्ज डॉलरवरून 2020 पर्यंत 300 अब्जावर न्यायचा अन् त्यासाठी आनखी 1 कोटी मानसं तयार कराची. 2020 ले आकडा 191 च्या आसपास आला, थे सोडा. पन त्या 1 कोटीत मी हाव ना! एका ओळीनं घरात एक जण बसवला अन् दुसऱ्या ओळीनं त्यालेच ट्रॅव्हल्समंधी बसवून पुण्याले धाडला. नानाच्या आधारले माहा नंबर मीच देल्ला होता, घरी रेंज नाई म्हनून. तवा लय हुशारी वाटली होती. आता साहेबासमोर फोन उलटा ठेवून बसतो अन् तिकडं नाना बाजीवर.

बंडू काका
त्याच्याबी आंधीचं सांगतो. 1998 ले वाजपेयी सरकारनं आयटीचं कार्यदल बसवलं होतं. जुलै महिन्यात त्याइनं 108 शिफारशी देल्या. त्यात एक होती का एसटीडी बूथाचे माहिती केंद्र करा. तवा माहा बूथ होता ना स्टॅन्डवर, पिवळ्या पाटीचा! पेपरात वाचलं अन् घरी येऊन म्हनलं, आता आपल्या बूथावर कम्प्युटर येते. पाटी नवीन रंगवून घेतली, टेबल मोठा केला. कम्प्युटर काई आला नाई. लाल आकड्याचं मीटर टिकटिक करत रायलं, मंग हरेकाच्या खिशात मोबाइल आला, अन् त्या जागेवर आता एक पोट्टा पंक्चर काढते. टेबल अजून त्याच्यापाशीच हाये, त्यावर सोल्युशनच्या ट्यूबा ठेवते. 2006 ले राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना आली, 1 लाख सेवा केंद्रं गावोगावी. तवा कम्प्युटर आला, पन दुसऱ्याच्या दुकानात.

मंदा आत्या
त्याच मीटरवर म्या नागपूरले फोन लावला होता तं सख्ख्या भावानं 42 रुपये घेतले होते 😂

बंडू काका
तू अर्धा घंटा रडली त्याच्यात.

वैष्णवी, अमरावती
एक मिनिट. कागदावरचा ई-साक्षर पाहाचा असन तं वाड्यात एकाच मानसापाशी सर्टिफिकेट हाये. मागच्या दिवाळीत फोटो काढला होता, टाकते.
[फोटो]
पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. 2017 ले सुरू झालं होतं. 6 कोटी घरं, घरटी एक जण, वय 14 ते 60, कोर्स 20 तासाचा. डेअरीच्या कॅलेंडरामागं लटकून हाये. नाव वाचा.

मंदा आत्या
शोभा!!

पवन, पुणे
काकू? हे कवा केलं तुमी?

शोभा काकू
तुह्या लग्नाच्या सालात. बचत गटातल्या बाया जाऊन रायल्या होत्या, त्याइच्यासंगं गेली. नाना साठीच्या वर, त्याइले घेतलं नाई. तुह्या काकाले वावरातून टाइम नाई. मंग मीच उरली.

बंडू काका
उरली म्हनून साक्षर. वैनी, हे धोरणात लिहाले पायजे होतं.

पवन, पुणे
मंग ई-पीक पाहणी, म्हंजे अ‍ॅपवरची पिकाची नोंद? मले वाटे नाना पटवाऱ्याकडून करून घेतात.

वैष्णवी, अमरावती
दादा, 2021 च्या 15 ऑगस्टपासून थे कास्तकारानंच कराचं हाये. कोन्या जगात हायेस तू?

शोभा काकू
चार सालापासून मीच करून रायली. वावरात उभं राहूनच फोटो काढा लागते, पुण्यातून होत नाई थे. धुऱ्यावर रेंज नाई, नाल्याकडच्या बाभळीपाशी दोन कांड्या येतात. पऱ्हाटी कमरेवर गेली होती, पदर अडकते, एका हातात छत्री. दोन फोटोत माहाच अंगठा आला. तिसरा बरोबर निंघाला. पेरा सातबाऱ्यावर चढला म्हनून तं आज ही नोंदणी होऊन रायली.

पवन, पुणे
😶

मंदा आत्या
मंग सेंटरवर जाऊन अंगठ्यानं नाई होत का हे सारं?

शोभा काकू
माह्या कामासाठी गेलती एकदा आत्याबाई. कापूस येचून येचून बोटाची कातडी निंघून जाते, मशीन काई अंगठा घेत नाई. पोट्टा म्हने खोबरेल लावा. लावलं. मंग म्हने साबनानं धुऊन या. तवापासून ओटीपीच बरा वाटते, फक्त थो माह्या फोनवर आला पायजे.

पवन, पुणे
खरं हाये. नानाच्या आधारले काकूचा नंबर टाकून घेऊ. नानाचा फोन बटनाचा, म्हनून नानाले संगं घेऊन सेंटरवर जा लागन, 75 रुपये लागतात.

बंडू काका
सोमवारी फटफटीवर मी नेतो. तालुक्यालेच जा लागन. 2011 पासून अडीच लाख ग्रामपंचायतीले तार टाकाचं काम चालू हाये, पन थे पंचायतीपर्यंत. पंचायतीपासून त्या बाभळीपर्यंत कोन टाकनार?

पवन, पुणे
काकू, तवरिक आजचं करून टाकू. दुपारी 1 ले जेवाची सुट्टी राहते. फोन हातातच ठेवतो.

शोभा काकू
बरं. जेवून घेजो पह्यले.

शोभा काकू (दुपारी 1.22)
झाली नोंदणी. आता तिकडून मंजूर झाली का मंग स्लॉट, म्हंजे कापूस न्याची तारीख. नाना विचारून रायले, ओल किती चालते?

वैष्णवी, अमरावती
8 टक्क्याच्या वर गेली का भाव कापतात. 12 च्या वर घेतच नाई.

शोभा काकू
कालच्या येचणीचा ओला हाये, दहिवरातला. बंडू भाऊजी, तुमच्या गच्चीवर पसरवाले जागा हाये का?

बंडू काका
हाये. पन माकडं हाकलाले एक जण पाठवा.