इंटरनेटवरील सेन्सॉरशिप आणि प्रचार हा डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या संशोधनाचा विषय आहे का?

रेघ (मूळ धागा)

मी दृश्यसंवाद या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि प्रबंधासाठी इंटरनेटवरील सेन्सॉरशिप आणि प्रचार यांचा एकत्र अभ्यास करण्याचा माझा विचार आहे. विभागातल्या चर्चेत सूर असा निघाला की हा विषय कायद्याच्या, राज्यशास्त्राच्या किंवा फार तर पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने घ्यावा, डिझाइनवाल्यांचे त्यात काही काम नाही. मला हे मान्य नाही. माझी बाजू येथे मांडते आणि विरोधी मतेही मोकळेपणाने यावीत अशी विनंती करते.

भारतात बंदी घातलेले संकेतस्थळ उघडू पाहिले, तर काही सेवादात्यांच्या जोडणीवर कोऱ्या पानावर इंग्रजीत दोन वाक्ये येतात. त्यांचा आशय असा, की दूरसंचार विभागाच्या निर्देशांनुसार हा पत्ता रोखण्यात आला आहे आणि अधिक माहितीसाठी व्यवस्थापकाशी संपर्क साधावा. त्यात आदेशाचा क्रमांक नसतो, तारीख नसते, कलम नसते आणि हे व्यवस्थापक कोण, कुठे भेटतील, याचाही पत्ता नसतो. तरी हे पान निदान बंदी असल्याचे सांगते. जिथे सेवादाता जोडणी सुरू होतानाच स्थळाचे नाव ओळखून ती तोडतो, तिथे ब्राउझरवर फक्त 'कनेक्शन रिसेट झाले' एवढेच दिसते आणि आपण राउटर बंद-चालू करत बसतो. बंदी ही बिघाडासारखी दिसावी, हे मला या विषयातले सर्वांत गंभीर वाटते, कारण बंदी झाल्याचे ज्याला कळलेच नाही तो दाद मागायला जाणारच नाही.

आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ च्या अंकात इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. पुढे सेन्सॉरने अशी जागा कोरी सोडायलाच हरकत घेतली. काहीतरी काढले गेले आहे हे वाचकाला दिसणे सत्तेला किती अडचणीचे वाटते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रचार आणि अफवेच्या बाजूला १ जुलै २०१८ ची राईनपाड्याची घटना आपल्यासमोर आहे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी बनवलेली होती. शेवटी मोटारसायकलवरचा माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो. कोणीतरी तेवढा शेवट कापला, आणि पालकांना सावध करणारी फीत पुरावा म्हणून फिरू लागली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली, भारतात एका वेळी पाचच गटांना किंवा व्यक्तींना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि चित्र-चित्रफितींशेजारचे झटपट पाठवण्याचे बटण काढले. हे तिन्ही निर्णय डिझाइनचे होते. मग डिझाइनचा अभ्यास करणाऱ्याने या प्रांतात पाऊल का टाकू नये?

माजी उपसंपादक

विषय महत्त्वाचा आहे, पण आपल्या मांडणीत रूपाला फार मोठे श्रेय दिले गेले आहे, असे मला वाटते. लाल त्रिकोणाचे उदाहरण घ्या. कुटुंबनियोजनाची ही खूण १९६० च्या दशकापासून भिंतींवर, दवाखान्यांवर आणि बसगाड्यांवर रंगवलेली होती आणि डिझाइन म्हणून ती उत्तम होती, कारण अक्षरओळख नसलेल्यालाही ती कळत असे. १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही. या सगळ्या काळात त्रिकोण तोच होता, लालही तोच होता. बदलले होते ते तलाठ्याला, शिक्षकाला आणि पोलिसाला वरून आलेले उद्दिष्टांचे आकडे. त्रिकोणाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी त्यात ती सक्ती सापडणार नाही. डिझाइनचा विद्यार्थी खूण वाचायला शिकतो, आणि म्हणून सगळे काही खुणेत आहे असे त्याला वाटू लागते, ही माझी खरी भीती आहे.

कोऱ्या अग्रलेखाचेही तसेच आहे. त्या कोऱ्या जागेला अर्थ आला तो ती सोडण्याची जोखीम पत्करणाऱ्या संपादकांमुळे आणि मालकामुळे. तशीच जागा दुसऱ्या दिवशी जाहिरात न मिळाल्याने रिकामी राहिली असती, तर कोणी तिच्याकडे पाहिलेही नसते.

सीनाकाठ

मी वकिली करतो, आणि माझा आक्षेप वेगळा आहे. धाग्यात सेन्सॉरशिप आणि प्रचार यांना एका माळेत ओवले आहे, पण कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो आणि तसेच पाहायला हवे. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. त्याच निकालात संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ मात्र न्यायालयाने कायम ठेवले, कारण तिथे कारणे लेखी नोंदवावी लागतात, समितीपुढे छाननी होते आणि त्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते. प्रत्येक बंदीला सेन्सॉरशिप म्हणून एकाच रांगेत उभे केले, तर मुलांचे शोषण करणारा मजकूर रोखणे आणि व्यंगचित्र रोखणे यांतला फरकच उरत नाही.

राईनपाड्याचा दाखला तर आपल्या मांडणीवरच उलटतो. ती अफवा वेळीच रोखली गेली असती तर पाच माणसे वाचली असती. शिवाय व्हॉट्सॲपच्या ज्या मर्यादेचे आपण कौतुक केले आहे ती एका खासगी कंपनीने, कोणत्याही न्यायालयाला न विचारता, कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावर घातलेली मर्यादा होती. सरकारने केले तर सेन्सॉरशिप आणि कंपनीने केले तर चांगले डिझाइन, असे म्हणायचे असेल तर त्याचे कारण द्यावे लागेल.

मनवा

सीनाकाठ, अफवा वेळीच रोखायला हवी होती हे खरेच आहे, पण अफवा कोणती आणि सरकारला न आवडलेली बातमी कोणती हे ठरवणार कोण, तिथेच सगळे अडते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच तथ्य-तपासणी कक्षाकडे देऊ केला होता. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती तरतूद घटनाबाह्य ठरली. प्रचार आणि सेन्सॉरशिप एकत्र अभ्यासण्याचे कारण याच प्रकरणात आहे, कारण दुसऱ्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचा अधिकार हाती आला की स्वतःचा प्रचार करणे फार सोपे होते.

नेटकर

विषयाला माझा विरोध नाही, पद्धतीविषयी मात्र कळकळीने सांगायचे आहे. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करतो. सेन्सॉरशिप मोजायची म्हणजे बंद असलेली स्थळे कोणाच्या तरी जोडणीवरून उघडून पाहावी लागतात, आणि ती नोंद त्या माणसाच्या नावावर राहते. 'एन्कोर' नावाच्या संशोधनात एखाद्या साध्या पानाला भेट देणाऱ्यांच्या ब्राउझरकडून, त्यांच्या नकळत, रोखलेल्या स्थळांकडे विनंत्या पाठवल्या गेल्या होत्या. २०१५ मध्ये सिगकॉम या संगणक-नेटवर्कवरच्या परिषदेने तो निबंध स्वीकारला, पण संमतीविषयीच्या आपल्या शंका निबंधाच्या अगदी वर छापून. इराणमधल्या किंवा चीनमधल्या एखाद्या वाचकाला या विनंतीचे काय परिणाम भोगावे लागतील हे संशोधकांना ठाऊक असणे शक्य नव्हते. सेन्सॉरशिप मोजणाऱ्या ऊनी या प्रकल्पाचे चाचणीचे ॲप तरी वापरणाऱ्याला जोखमीची आधी कल्पना देते आणि मगच सुरू होते. वसतिगृहाच्या वायफायवर मैत्रिणींना 'जरा हे उघडून बघ' असे सांगणे हे एन्कोरचेच लहान रूप होईल, आणि विद्यार्थ्यांकडून असे सहज घडते, म्हणून आधीच लिहितो आहे.

रेघ

सर्वांचे मनापासून आभार. आधी नेटकर यांना उत्तर देते. मी कोणालाही काहीही उघडायला सांगणार नाही. लोकांना आधीच मिळालेली पाने आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांवर दिसणारी 'भारतात रोखलेले' अशी सूचना यांवर मी काम करेन. हार्वर्डच्या ल्यूमेन या संग्रहात कंपन्यांनी जमा केलेल्या मजकूर हटवण्याच्या नोटिसा आहेत, त्याही वापरेन. ट्विटरकडून तिथे नोटिसा येणे एप्रिल २०२३ पासून थांबले, त्यामुळे त्यानंतरचा काळ हाती लागणे अवघड आहे याची मला जाणीव आहे.

सीनाकाठ, आपला प्रश्न सर्वांत कठीण आहे. व्हॉट्सॲपची मर्यादा जाहीर करून घातली गेली, ती संदेशात काय आहे हे न पाहता सर्वांना सारखी लागू झाली आणि 'फॉरवर्डेड' ही खूण प्रत्येकाला दिसत होती. या तीन गोष्टी असतील तर मर्यादेवर निदान जाहीर वाद घालता येतो. कंपनीने गुपचूप एखाद्याचा मजकूर कमी लोकांपर्यंत पोचू दिला, तर मी त्याला सेन्सॉरशिपच म्हणेन, मग तिथे सरकारी आदेश असो वा नसो.

उपसंपादक महोदय, त्रिकोणात सक्ती दिसत नाही हे आपले म्हणणे योग्य आहे, आणि म्हणूनच मी भित्तिचित्रांचा प्रबंध लिहीत नाही. त्या काळात आकडे ज्या तक्त्यात भरले जात होते, त्या तक्त्याला कोणता रकाना होता आणि कोणता नव्हता, हेही कोणीतरी आखलेले होते. माझा विषय आता नेमका असा आहे, की बंदीची सूचना देणाऱ्या पानावर कोणते रकाने असावेत. इंटरनेटच्या मानकांत २०१६ पासून, सर्व्हरने ब्राउझरला पाठवायचा, ४५१ हा संकेत आहे. मजकूर कायदेशीर कारणाने उपलब्ध नाही, असे त्यातून कळते आणि तो कोणी रोखला हे सांगण्याचीही त्यात सोय आहे. आपल्याकडचे कोरे पान आणि ही सोय यांच्यामधले अंतर मला मांडायचे आहे.

माजी उपसंपादक

तक्त्याचा मुद्दा मान्य करण्याजोगा आहे. तरी एक सांगतो. सुबक अक्षरांत, राजमुद्रेसह, क्रमांक आणि तारीख घालून बंदीचे पान आले, तर सामान्य माणसाला बंदी रीतसर झाली असेच वाटेल. आजचे ओबडधोबड पान निदान संशय तरी उत्पन्न करते. बंदीला प्रतिष्ठा देणारे डिझाइन आपल्या हातून घडू शकते, आणि या शक्यतेला प्रबंधात स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही तर तो प्रबंध अपुरा राहील.

सीनाकाठ

कायद्याची अडचण त्याआधीच येते. कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सांगतो की आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई यांबाबत काटेकोर गोपनीयता पाळली जाईल. रकाने ठरवताना या नियमाला आधी सामोरे जावे लागेल.

रेघ

मग आपल्यालाच विचारते. आदेशाचा क्रमांक, तारीख, कलम, आदेश देणारे कार्यालय आणि दाद कुठे मागायची याचा पत्ता, या पाचांपैकी नियम १६ नेमके काय झाकतो, असे आपले मत आहे?

सीनाकाठ

दाद मागण्याचा पत्ता नक्कीच झाकत नाही. कलमही नाही, असे मी न्यायालयात उभे राहून म्हणू शकेन. क्रमांक आणि तारीख यांवर सरकारी वकील हरकत घेतील आणि ती हरकत टिकू शकेल. आदेश देणाऱ्या कार्यालयाबाबत माझे मत अजून बनलेले नाही. तो रकाना रिकामा ठेवून पानाचा कच्चा आराखडा येथे टाका, मी नियमाची ओळ समोर ठेवून तो वाचेन.