साडेसात एचपीपर्यंत बिल शून्य झालं, पण दिवसा वीज कुठं आहे?

कृष्णाकाठ_पलूस
एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं चालू बिल सरकार भरतंय. योजना मार्च २०२९ पर्यंत आहे, शेतकरी ४४ लाखांवर, खर्च वर्षाला १४,७६० कोटी. माझी मोटरही त्यात बसते. तरी मला वाटतं, आपण भलतंच मागून बसलो. दिवसा, पूर्ण दाबानं वीज आणि मोजून येणारं परवडेल असं बिल, हे मागायला हवं होतं.

रात्रपाळीला काय होतं ते सांगतो. लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी ऑटो स्विचवर एकदम उठतात. दाब पडतो, स्टार्टर धरत नाही, डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, उडतो. वायरमन येऊन फ्यूज टाकेपर्यंत निम्मी पाळी गेलेली असते. मोटर जळाली तर रिवाइंडिंग आपल्याच खिशातून. पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार कोण मनावर घेणार?

जत_पूर्वभाग
दादा, नदीकाठी बसून हे लिहिणं सोपं आहे. आमच्या बोअरला उन्हाळ्यात तासभर पाणी टिकत नाही. आधी चार जणांची बाकी राहिली तरी अख्खी डीपी बंद पडायची, तीही नेमकी पिकाला पाणी हवं तेव्हा. ज्यानं भरलंय त्याचंही पीक वाळायचं. ती धास्ती आता गेली. ज्वारी-बाजरीचा हमीभाव कागदावरच राहतो, मग बिल तरी कशातून भरायचं? मोफत वीज आमच्यावर उपकार नाही, पडलेल्या भावाची थोडी भरपाई आहे.

वर्कशॉप_कुपवाड
भरपाई करा, पण कुणाच्या पैशानं ते बघा. १४,७६० कोटींपैकी ६,९८५ कोटी आधीपासूनची दरसवलत आहे, नवीन भर ७,७७५ कोटींची. ही झाली सरकारी तिजोरी. शिवाय शेतीचा मूळ दरच पुरवठ्याच्या खर्चाच्या खाली ठरतो, आणि तो खड्डा उद्योग-दुकानांच्या दरातून भरला जातो. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. माझ्या लेथवर काम करणारी पोरं जत, कवठे महांकाळचीच आहेत. वीज महाग म्हणून ऑर्डर बाहेर गेली तर त्यांचाच रोजगार जातो.
आणि साडेसात एचपी ही गरिबीची मोजपट्टी नव्हे. कोरडवाहू दोन एकरवाला आणि दहा एकर ऊसवाला एकाच रांगेत उभे केलेत.

गिरणी_कोरेगाव
शेतीच्या बिलावर सगळे बोलतात, गावातल्या बाकीच्या बिलांचं काय? घरच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर वीज शुल्क. १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट. ज्याला शेत नाही त्या मजुराला यातलं काहीच माफ नाही. माझी पिठाची गिरणी आहे, तिला शेतीचा दर लागत नाही. दळणाचे दोन रुपये वाढवले तर बायका घासाघीस करतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी तरी आणायचे कुठून?

वारणाखोरं_शिराळा
पलूसच्या दादांना माझा पाठिंबा. आमच्याकडं उसात बिबट्या आहे, हे आता बातमी म्हणूनही कुणी सांगत नाही. पोरगा रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला जातो, घरी आई जागी. मला शून्य बिलापेक्षा दिवसाची पाळी हवी.

डाळिंब_आटपाडी
टेंभू, ताकारी, म्हैसाळ या नदीचं पाणी पंपानं उचलणाऱ्या उपसा योजना बघा. वीजबिल थकलं की पंप बंद, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग ८१-१९ चं सूत्र आलं, वीजबिलाचे ८१ टक्के सरकारचे आणि १९ टक्के आपले. आमच्या तालुक्यात बागा उभ्या राहिल्या त्या या पाण्यावर. सगळं फुकट मागितलं असतं तर ती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, निवडणुकीपुरती चालली असती. २००४ ला मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये बंद झाली, हे विसरू नका.

कृष्णाकाठ_पलूस
आटपाडीकरांनी नेमकं सांगितलं. हिशेब मांडतो. साडेसात एचपीची मोटर तासाला साधारण ५.६ युनिट खाते, आठ तासांत ४५. युनिटला रुपया धरला तरी पाळीचे ४५ रुपये. रात्री दारं धरायला गडी लावला तर त्याला याच्या कितीतरी पट द्यावे लागतात. दुसरं म्हणजे, मीटर नसलं की वापर अंदाजानं लिहिला जातो. गळती आणि चोरी शेतीच्या नावावर खपवली जाते, असं वीज ग्राहक संघटना कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. आपण खरंच किती वापरतो हे आपल्याकडं लिहिलेलं असायला नको?

जत_पूर्वभाग
४५ रुपये तुम्हाला कमी वाटतात, पाणी नसलेल्या बोअरवाल्याला नाही. ८१-१९ चालतं कारण तिथं पाणी मिळतं. आणि मोटरीला मीटर लागलं की उद्या बिल येणारच, असं आमचं गाव धरून चाललंय. सौर पंपाचं म्हणाल तर अडीच एकरापर्यंत तीन एचपीच मिळतो, आमच्या खोलीला तो पुरत नाही. पण हिशेबच हवा असेल तर मीटर डीपीवर लावा, मोटरीवर नको. त्याला माझा विरोध नाही.

वर्कशॉप_कुपवाड
हे मला मान्य. डीपीवरच्या वापराचे युनिट दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

वारणाखोरं_शिराळा
मग डीपीवर कुणी तारेला आकडा टाकून वीज चोरली असेल तर त्याचे युनिट कुणाच्या नावावर जाणार? ते आधी ठरवा, नाहीतर सरळ माणसावरच येईल.